बाई, पाणी प्यायला जाऊ?

पुण्यात वर्गाला शिस्त लावणं जड जातं, याचा दोष मी सरळ लोकमान्य टिळकांना देते. शेंगांच्या टरफलांची गोष्ट खरी किती आणि दंतकथा किती, ते जाणकारांनी ठरवावं. पण १ ऑगस्टला पुण्यतिथीची वक्तृत्व स्पर्धा होते, पोरं एकामागून एक मूठ उंचावून "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही!" अशी गर्जना करतात आणि त्यातल्या सर्वांत बाणेदार पोराला मीच पहिला नंबर देते. दुसऱ्या दिवशी आठवी 'क'मध्ये पंख्याखाली कागदी विमान पडलेलं असतं. "उचला ते," म्हटलं की सबंध वर्ग छाती पुढे काढून बसतो. टाकलेलं कुणीच नसतं. ते विमान स्वयंभू असतं. पुढे १८८० साली चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढून टिळकांनी स्वतः मास्तरकीही केली. तेव्हा त्यांच्या वर्गातले बोळे कोण उचलायचं, हे मला फार दिवसांपासून विचारायचं आहे.

बी.एड.ला असताना शिस्तीच्या बाबतीत माझी तयारी उत्तम होती. तिथे सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार असतो. पाच-सात मिनिटांचा पाठ, समोर आठ-दहा विद्यार्थी, आणि हे विद्यार्थी म्हणजे साडीच्या पिना सावरत बसलेल्या आपल्याच मैत्रिणी. प्रश्न विचारला की सगळ्यांचे हात वर, कारण उद्या त्यांचा पाठ असतो आणि तेव्हा त्यांना आपला हात वर हवा असतो. मधेमधे "शाब्बास", "छान" म्हटलं की प्रबलन कौशल्याचे गुण पदरात. त्या सगळ्या पाठांत एकीनेही कधी "बाई, पाणी प्यायला जाऊ?" असं विचारलं नाही.

पाठाच्या टाचणात प्रस्तावना नावाची एक जागा असते. मुलांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवर दोन-चार प्रश्न विचारायचे, शेवटच्या प्रश्नाला वर्ग अडला की "आज आपण अमुक अभ्यासणार आहोत" असं हेतुकथन करायचं. पुढे खऱ्या वर्गात, आठवी 'क'मध्ये, सविनय कायदेभंगाचा पाठ होता. मी विचारलं, "मीठ कुठून येतं?"

"वाण्याकडून!" सबंध वर्ग.

"आणि वाण्याकडे?"

"होलसेलवाल्याकडून!"

मागून एकाने मार्केट यार्डाचा रस्ता सांगितला. दुसऱ्याने त्याला खोडून काढलं, मीठ घ्यावं तर भवानी पेठेतून. तिसऱ्याच्या काकांचं नेमकं तिथेच दुकान निघालं. गांधीजी १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिलला दांडीला पोचले. आमचा तास निम्मा उलटला तरी ते आश्रमातच चपला शोधत होते.

आवाज चढवणं हा उपाय सगळेच करून बघतात. आमची इमारत जुनी, दोन वर्गांमध्ये लाकडी पार्टिशन. मी "गप्प बसा!" म्हणून ओरडले की पलीकडची सातवी 'ब' गप्प बसते. आठवी 'क' माझं ओरडून होईपर्यंत कौतुकाने बघत राहते आणि मी दम घ्यायला थांबले की जिथे सोडलं होतं तिथून बोलायला लागते.

छडीचा प्रश्न निकालात निघालेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला, दोन्हींना बंदी घालतं. घालायलाच हवी होती. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना देण्याच्या मानसिक त्रासाबद्दल मात्र कलम करायचं राहून गेलं. याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे निदान एक शिक्षक असावा असं लिहिलंय. आमच्याकडे एका बाकावर तीन-तीन बसतात. बाक दोघांचा आहे, त्यामुळे कडेचा कायम अर्धा पॅसेजमध्ये असतो आणि "बाई, हा ढकलतो" ही तक्रार लाकडाच्या मापातूनच जन्माला येते. पालकसभेत वडीलमाणसं येऊन खाजगीत सांगतात, "बाई, बिनधास्त दोन ठेवून द्या, आमचं काही म्हणणं नाही." त्याच कार्ट्याला नुसतं पुढच्या बाकावर हलवलं की दुसऱ्या दिवशी आई हजर. "पुढून त्याला फळा चकाकतो."

मग मी वाचायला घेतलं. जेकब कूनिन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांच्या वर्गात एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याला ते रागावले आणि बाकीचेच सावरून बसले. यामुळे त्यांना कुतूहल वाटलं. (आठवी 'क'मध्ये वर्तमानपत्र वाचणारा मुलगा सापडला, तर मी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करीन.) त्यांनी शाळांमधल्या वर्गांची चित्रणं तपासली आणि १९७० साली पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं असं, की गोंधळ झाल्यावर शिक्षक कसा रागावतो याने फारसा फरक पडत नाही. शांत वर्गातले शिक्षक आणि बाजार भरलेल्या वर्गातले शिक्षक साधारण सारखेच रागावतात. फरक असतो गोंधळ व्हायच्या आधीच्या वागण्यात. मास्तरला पाठीलाही डोळे आहेत असं पोरांना वाटलं पाहिजे, एका वेळी दोन गोष्टी सांभाळता आल्या पाहिजेत आणि कामात खंड पडू द्यायचा नाही. हे वाचून मला रडू यायचं बाकी राहिलं. एवढा घसा मी फुकट खर्च केला होता.

तेव्हापासून मधली सुट्टी संपायच्या आत मी वर्गात असते. फळ्यावर काम लिहून ठेवते, म्हणजे आलेला पोरगा घामेजलेला असला तरी त्याच्या हाताला काहीतरी असतं. त्या वयात तोंड बंद करायचा रस्ता हातातून जातो, यावर माझा आता ठाम विश्वास आहे. राहता राहिला प्रश्नांचा मारा. बाई, नवीन पानावर लिहू? बाई, तारीख घालू? बाई, निळं पेन का काळं? बाई, माझं पान संपलं. यावर तोड म्हणून मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं : नवीन पान. निळं पेन. समास हवा. पाणी आत्ता नाही.

कमालीची शांतता पसरली. सगळ्या माना खाली. मी धन्य झाले. सहामाहीच्या आधी वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा एका सुवाच्य अक्षरातल्या वहीत वाचायला मिळालं : "सविनय कायदेभंगाची कारणे : १) मिठावरील कर. २) पाणी आत्ता नाही." खाली दुहेरी रेघ मारून चौकट केलेली. मी त्याला अर्धा गुण दिला. ब्रिटिश सरकारचं एकूण धोरण त्यात आलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे टेबलाशी चिकटून राहायचं नाही. दांडीयात्रेचा तोच तास परत घेतला. मी बोलत बोलत मागच्या बाकांकडे निघाले, कारण तिकडून चकलीचा वास येत होता. बाकाखाली मांडीवर स्टीलचा डबा, झाकण अर्धवट उघडं, एक गाल फुगलेला. मी काही बोलले नाही. त्याच्या शेजारी उभी राहून मिठाच्या कराबद्दल सांगत राहिले. तो गाल हलायचा थांबला. चकली तशीच तोंडात, कारण चावावी तर कुडकुड ऐकू येणार. मी तिथून हलले नाही. विरघळेपर्यंत थांबले. शेवटी झाकण खट्ट करून बंद झालं.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंचंही मी ऐकते. त्यांनी मोजून पाहिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी मागून हॉर्न वाजणाऱ्या गावात तीन सेकंद कळ काढणं म्हणजे तपश्चर्याच. पण काढली. "गांधीजींनी मीठच का निवडलं?" विचारलं आणि मनात आकडे मोजले. "बाई मी, बाई मी" करणाऱ्यांचे हात दमून खाली आले, आणि वर्षभर तोंड न उघडलेली खिडकीजवळची पोरगी म्हणाली, "बाई, ते सगळ्यांनाच लागतं. गरिबालापण सोडता येत नाही."

वर्ग स्तब्ध. नेमके तेव्हाच शिपाई मामा सूचना वही घेऊन दारात. सगळे जण खडाखडा उठून "नऽऽमस्ते" म्हणाले. सूचना अशी होती, की इयत्ता आठवीच्या शिक्षकांनी मुलांचे आधार क्रमांक आजच्या आज ऑनलाइन भरावेत. मी सही केली. एवढ्यात त्याच पोरीचा हात परत वर. "बाई, आता पाणी?"

जाऊ दिलं. कमावलं होतं तिने.

तर आठवी 'क' हल्ली बरी बसते. इतकी, की मोठ्या बाई दारावरून जाताना थांबून आत डोकावतात, मुलं सहलीला तर गेली नाहीत ना म्हणून. आमच्या पर्यवेक्षक सरांनाही हे कळलं. कुणी रजेवर गेलं की बदली तासाच्या चिठ्ठीवर माझं नाव असतं. "बाई, तुमच्याकडे पोरं गप्प बसतात हो. आज नववी 'ड' जरा बघता का?" परवा पेपर तपासायला मिळालेला एकुलता एक मोकळा तास तसाच गेला.

स्टाफरूममध्ये गणिताचे सर निवांत चहा पीत बसले होते. त्यांचा वर्ग रस्त्यापलीकडून ऐकू येतो आणि त्यांना बदली तास लावलेला मी कधी पाहिला नाही. माझ्या हातातली चिठ्ठी बघून ते हळहळले. "तुम्ही नवीन आहात बाई," ते म्हणाले. "वर्ग एवढा गप्प करायचा नसतो."