पेटंट आहे म्हणजे चालतंच का? मामांना आलेल्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. मामांचे सोलापुरात अक्कलकोट रोडला आठ यंत्रमाग आहेत, टॉवेलचे, आणि दोन वर्षं झाली आमच्याकडे कुणीही भेटलं की लाईट बिलाशिवाय दुसरा विषय निघत नाही. म्हणाले, "अरे, एक जनरेटर आलाय, डिझेल नको, लाईट नको, पेटंट आहे त्याला. उद्या चाळीस हजार बुकिंग भरायलोय. तू मोटरीचं काम करतोस म्हणून विचारतो, आठ मागांना किती स्क्वेअर एमएमची वायर टाकू?"

वायर विचारत होते. चालतो का, हे विचारतच नव्हते. पेटंट आहे म्हटल्यावर तो प्रश्न त्यांच्यापुरता मिटला होता, आणि मला राग आला तो याचाच.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. "जगापासून लपवलेले ५ पेटंटेड शोध" असं वर लिहिलंय. एक, बिनइंधनाचा जनरेटर. दोन, पाण्यावर चालणारी गाडी, जिच्या संशोधकाला विष घातलं म्हणे. तीन, असा पांढरा रंग की लावला की एसी काढून टाका. चार, हवेतून फुकट पाणी. पाच, अमेरिकेच्या नौदलाचं वजन नाहीसं करणारं विमान. आणि शेवटची ओळ: "पेटंट म्हणजे सरकारने यंत्र चालवून बघून दिलेला शिक्का. विश्वास नसेल तर नंबर टाकून बघा."

टाकून बघितले नंबर. रात्री दोनपर्यंत बसलो होतो.

आधी ती शेवटची ओळ घेतो, कारण बाकीचे पाचही मुद्दे तिच्याच जिवावर उभे आहेत. आपला पेटंट कायदा १९७० चा. त्याचं कलम १३, पोटकलम ४ काढून वाचा, चार ओळींचं आहे. त्यात सरळ म्हटलंय की अर्जाची जी तपासणी होते ती पेटंट वैध असल्याची हमी मानायची नाही आणि त्याबद्दल केंद्र सरकार किंवा त्याचा कुठला अधिकारी जबाबदार राहणार नाही. म्हणजे पेटंट कायदेशीर टिकेल का याचीच हमी सरकार देत नाही, मग यंत्र चालेल याची कुठून देणार? तपासणी होते ती कागदावर: हे आधी कुणी केलंय का, त्या विषयातल्या माणसाला सहज सुचण्यासारखं आहे का, उद्योगात वापरता येईल का. यंत्र टेम्पोत घालून मुंबईच्या ऑफिसला न्यायची सक्ती नाही. २०२३-२४ या एका वर्षात भारतात एक लाखाच्या वर पेटंटं मंजूर झाली, एवढी यंत्रं कोण चालवून बघणार होतं? पेटंट म्हणजे फक्त एवढंच की ही गोष्ट अर्जापासून २० वर्षं माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्याने बनवायची नाही, विकायची नाही. दुसऱ्याला अडवायचा हक्क आहे तो, यंत्राचा फिटनेस दाखला नाही.

आता जनरेटर. यावर जास्त लिहिणार, कारण पैसे यातच जायलेत.

मेसेजमध्ये अमेरिकन पेटंटचा नंबर दिलाय, ६३६२७१८. खरा नंबर आहे. २६ मार्च २००२ ला मंजूर झालेलं पेटंट, टॉम बेअर्डन आणि त्यांचे चार सहकारी. पण त्याचं नाव काय आहे? मोशनलेस इलेक्ट्रोमॅग्नेटिक जनरेटर. मोशनलेस, म्हणजे त्यात फिरणारा एकही भाग नाही, कायमचं चुंबक, गाभा आणि कॉइली. आणि मेसेजखालच्या व्हिडिओत काय दाखवलंय तर मोटर, बेल्ट, भलं मोठं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, आणि वीज तयार करणारा अल्टरनेटर! नंबर एका वस्तूचा आणि विकायलेत दुसरीच, आणि हे हजारो लोकांनी पुढे ढकललं, एकानेही पेटंटचं पहिलं पान उघडलं नाही. बरं, ज्याचा नंबर दिलाय ते तरी कुठे चाललं? त्याची मुदत संपून गेलीय, चित्रं सगळी उघड आहेत, आज कुणीही रॉयल्टी न देता बनवू शकतो. चाललं असतं तर एवढ्यात एमआयडीसीत प्रत्येक शेडबाहेर दिसलं असतं.

आता फ्लायव्हीलचा हिशोब, मामांसाठी मी वहीत मांडला तोच इथे देतो. ५० किलोचं, दोन फूट व्यासाचं चाक धरा, सगळीकडे सारख्या जाडीचं, १४४० आरपीएमला फिरतंय. त्यात साठलेली ऊर्जा साधारण २५ किलोज्यूल. त्यावर १०० वॅटचा बल्ब चार मिनिटं जळेल. म्हणून डेमोत बल्ब लावतात, प्लग काढून दाखवतात, लोक टाळ्या वाजवतात आणि चार मिनिटं व्हायच्या आत चहा येतो. आता मामांचे आठ माग, एकाला एक एचपीची मोटर धरली तरी आठ एचपी म्हणजे जवळपास सहा किलोवॅट. तेच चाक तुमचे आठ माग चार सेकंद चालवेल. चार सेकंद, मामा. मागातला आडवा धागा नेणारा धोटा दोन-चार हेलपाटे मारून गप्प बसेल.

"पण अल्टरनेटरची वीज परत मोटरीला दिली तर?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. मी पंधरा वर्षं मोटरी रिवाइंड करतोय. चालती मोटर हाताला गरम लागते की नाही? ती गरमी म्हणजे तुमच्या बिलातली वीजच आहे, बाहेर गेलेली. बेअरिंगमध्ये जाते, बेल्टमध्ये जाते, तांब्यात जाते, अल्टरनेटरमध्ये पुन्हा जाते. आत घातलं त्यापेक्षा कमीच बाहेर येणार, प्रत्येक फेरीला कमी, आणि वरून आठ माग ओढायचे? आपल्याच पेटंट कायद्याचं कलम ३ (अ) सांगतं की निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा असेल तर तो शोधच मानायचा नाही. मग अमेरिकेत मिळालं कसं, तर चूक झाली, तपासणाऱ्याच्या हातून सुटलं, असंच मी म्हणेन. आणि "शास्त्रज्ञ असली यंत्रं तपासतच नाहीत" असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटं. जोसेफ न्यूमन नावाच्या माणसाचं असंच यंत्र होतं, पेटंट नाकारलं म्हणून तो कोर्टात गेला, आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने ते यंत्र खरोखर जोडून मोजलं. प्रत्येक चाचणीत आत गेली त्यापेक्षा कमी वीज बाहेर आली. पेटंट मिळालं नाही ते नाहीच.

"लपवलेलं पेटंट" हा शब्दच मला कळत नाही. पेटंट मागायचं तर शोध पूर्ण उघड करून लिहावा लागतो, सौदाच तो आहे. भारतात साधारण १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, कुणीही फुकट वाचू शकतं. इथे एक अर्धसत्य मान्य करायला लागतं: लष्करी महत्त्वाचे शोध सरकार गुप्त ठेवू शकतं, आपल्याकडे कलम ३५ आहे, अमेरिकेत १९५१ चा वेगळा कायदाच आहे. पण गुप्त ठेवलं तर ते प्रसिद्धही होत नाही आणि पेटंटही मिळत नाही. तुमच्या मोबाईलवर नंबरासकट आलंय म्हणजे ते लपवलेलं नाही. कंपन्या पेटंटच्या जोरावर अडवणूक करतात हेही खरं आहे, ते मी नाकारत नाही. महिन्याला २ लाख ८० हजारांचं कॅन्सरचं औषध २०१२ मध्ये सक्तीच्या परवान्यामुळे, म्हणजे पेटंटवाल्याची ना असली तरी सरकारने दुसऱ्या कंपनीला बनवू दिल्यामुळे, ८,८०० रुपयांवर आलं होतं. पण ते औषध काम करत होतं म्हणून तर भांडण होतं.

पाण्यावरची गाडी: संशोधक स्टॅनली मायर, अमेरिकेतल्या ओहायोचा. पेटंटं होती, मान्य. १९९६ मध्ये पैसे गुंतवलेल्या दोघांनी केस केली, तज्ज्ञांनी यंत्र बघितलं, त्यात नवीन काही नाही, साधं विद्युत विघटन, म्हणजे विजेने पाणी फोडणं आहे असं सांगितलं, आणि कोर्टाने उघड फसवणूक म्हणून २५ हजार डॉलर परत करायला लावले. १९९८ ला तो वारला, सरकारी तपासात कारण निघालं मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा. मेसेजमध्ये विष आहे, कोर्ट नाही. आणि पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन, चुलीतली राख म्हणा. एक लिटर पाणी फोडायला जवळपास साडेचार युनिट ऊर्जा लागते आणि तो वायू परत जाळून त्यापेक्षा जास्त कधीच मिळत नाही.

पांढऱ्या रंगाचं मात्र मला मानावं लागतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये बेरियम सल्फेटचा रंग जाहीर केला, ऊन ९८.१ टक्के परतवतो, आणि भर दुपारीही रंगवलेला पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षा चार-साडेचार अंशांनी थंड राहिला. हे मोजलेलं आहे आणि मला मनापासून आवडलेलं आहे. पण थंड झाला तो पृष्ठभाग, खोली नाही. मे महिन्यात सोलापूरला ४३ असताना त्यातून चार वजा करा. एसीचं बिल कमी होईल, एसी निघणार नाही. पत्र्याच्या शेडवर आपण उन्हाळ्याआधी चुना मारतोच, ते याच वाटेवरचं आहे.

हवेतून पाणी काढणारी यंत्रं आहेत, वीज खातात, आणि आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं त्या एप्रिल-मेमध्येच हवाही कोरडी असते. नौदलाचं विमान, पेटंट १०१४४५३२, डिसेंबर २०१८: खरं पेटंट आहे, पण त्याच संशोधकाच्या मूळ कल्पनेवर नौदलाने स्वतः काही वर्षं चाचण्या केल्या आणि परिणाम सिद्ध झाला नाही असं त्यांनीच सांगितलं. नौदलाचा कागद असून ही गत.

आता एजंटने मामांना दिलेला कागद. व्हॉट्सअॅपवर मागवून घेतला. "भारत सरकार पेटंट नंबर" म्हणून जो लिहिलाय तो १२ आकडी आहे, २०२४२१ ने सुरू होणारा. हा अर्जाचा नंबर असतो: पहिले चार आकडे वर्ष, पुढचा २ म्हणजे मुंबई ऑफिस, त्यापुढचा १ म्हणजे साधा अर्ज. मंजूर पेटंटचा नंबर वेगळा असतो, सहा आकडी. ऑनलाइन अर्ज करायला एकट्या माणसाला १,६०० रुपये लागतात, कुणीही कशाचाही करू शकतो. मामा म्हणाले, "अरे पण आपल्या चादरीला पण तसलाच सरकारी कागद आहे की." नाही मामा, सोलापुरी चादरीला आहे ते भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव ठराविक भागातल्या मालालाच लावायचा हक्क, तो कायदाच वेगळा. आणि दुसरा कागद जो सोनेरी बॉर्डरचा दाखवला, तो डिझाईन रजिस्ट्रेशनचा. त्यात डब्याचा बाहेरचा आकार नोंदवलाय, आत काय चालतं त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

पेटंट नसताना आहे म्हणून माल विकला तर दंड आहे, पेटंट कायद्याचं कलम १२० बघा, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो १० लाखांपर्यंत नेलाय.

मामांना एवढंच सांगितलं की एजंटला म्हणा, यंत्र आमच्या शेडमध्ये आणा, आम्ही मेन स्विच पाडतो, आठही माग एक पूर्ण पाळी चालवून दाखवा, पैसे त्याच दिवशी रोख. सकाळी मामांनी फोन केला, तर "साइटवर डेमोची पॉलिसी नाही" असं उत्तर आलं. मामांचे चाळीस हजार अजून खात्यात आहेत, पण त्यांच्या शेजारच्या शेडवाल्याने मागच्या आठवड्यातच भरलेत, पावती साध्या कागदावर आहे. सोलापुरात आणखी कुणी भरले असतील तर तो कागद काढा आणि नंबरातले आकडे मोजा. १२ निघाले तर पेटंट ऑफिसच्या साइटवर तो नंबर फुकट शोधता येतो. जमलं नाही तर फोटो मला पाठवा, मी बघून सांगतो.