मेगावॅट वाढले, वसुलीचं काय?

तुमच्या लेखात भारताच्या वीजक्षेत्राची प्रगती स्थापित क्षमतेवरून (म्हणजे उभे असलेले सगळे प्रकल्प पूर्ण जोमाने चालले तर किती वीज देऊ शकतील त्यावरून) मोजली आहे आणि त्यातली निम्मी आता कोळसा-वायूशिवायची, याचं कौतुक आहे. रास्तच आहे. मे २०२४ मध्ये देशाची मागणी २.५ लाख मेगावॅटपर्यंत गेली आणि ती भागलीही. जुलै २०१२ मध्ये अर्धा देश अंधारात गेला होता, तेव्हा हे कोणाला पटलं नसतं.

पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सौर प्रकल्प वर्षाच्या सरासरीत क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देतो, त्यामुळे प्रत्यक्ष युनिटांत आजही कोळसाच पुढे.

खरी मेख वितरणात, म्हणजे ग्राहकापर्यंत वीज पोचवून बिलं वसूल करण्यात आहे, आणि तिला लेखात जेमतेम एक परिच्छेद! शेतीला वीज स्वस्त किंवा फुकट, त्याची भरपाई उद्योगांच्या दरातून. मग कारखानदार छतावर पॅनेल बसवतो किंवा बाहेरून थेट वीज घेतो. वेळेवर बिल भरणारा ग्राहक गेला की तूट उरलेल्यांच्या माथी. २०१५ च्या ‘उदय’ योजनेत राज्यांनी वितरण कंपन्यांची बरीचशी कर्जं अंगावर घेतली, तरी तोटे पुन्हा साचलेच. आपल्याकडे महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे. ते पैसे शेवटी सरकारी तिजोरीतूनच जाणार ना?

त्यापेक्षा सौर कृषिवाहिनी, म्हणजे सौर प्रकल्पातून शेतीपंपांना वीज देणारी योजना, मला पटते. वीज दिवसा मिळते, रात्री बिबट्याच्या भीतीत दारं धरायला जावं लागत नाही. पुढच्या लेखात वितरण कंपन्यांचे ताळेबंद घ्या.