जलेबी, कचरागाडी आणि पालकत्वाचा कागद: एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही नाव न देता ‘राजेंद्रनगरचा एक रिटायर्ड बाप’ एवढंच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.

दिवसभराच्या केंद्रात येणाऱ्या प्रौढ दिव्यांगांचा दिवस केंद्राच्या सोयीने आखू नये, त्या त्या माणसाला ओळखून आखावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही बरेच मुद्दे काढलेत. ही परदेशी फॅशन आहे. तुमचा एकतीस वर्षांचा मुलगा बोलतच नाही, त्याला विचारणार काय? त्याला शुगर आहे, उद्या जलेबी मागितली तर देणार का? त्याच्या कायदेशीर पालकत्वाचा कागद तुमच्या नावावर आहे, तेव्हा निर्णय तुमचा. केंद्रात तीन दीदी, म्हणजे देखभाल करणाऱ्या ताई, वीस जणांना सांभाळतात, तिथे एकेकाची आवड जपायला वेळ कुणाला? आणि रात्री जागायला आईबाप असतात, लेख लिहिणारे नसतात.

शेवटचं अगदी खरं आहे. मी पाच वाजता केंद्रातून घरी जाते. त्यावर मी वाद घालणार नाही.

कल्पना बाहेरून आली, हेही खरं. स्वीडनमध्ये दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये मांडलं की बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाच्या दिवसाला, आठवड्याला, वर्षाला चारचौघांसारखीच लय असावी. अमेरिकेत रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये लिहिलं की माणसाला प्रत्येक धोक्यापासून वाचवत राहिलं, तर त्याचा मानही त्याच्याकडून काढून घेतला जातो. पण काका, इन्सुलिनसुद्धा १९२१ साली टोरांटोत सापडलं, आणि ते परदेशी म्हणून कुणी नाकारत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला आणि २०१६ चा आपला दिव्यांग हक्क कायदा त्यातूनच आला.

आता ‘तो बोलत नाही’. आमच्याकडे एक गृहस्थ येतात, चाळिशीचे, तेही बोलत नाहीत. सकाळच्या गाण्याच्या तासाला उठून फाटकाशी जायचे. वहीत कित्येक दिवस ‘पळून जातो, लक्ष ठेवावे’ अशीच नोंद होत होती. त्यांना परत आणून खुर्चीत बसवण्यात एका दीदीची सकाळ जायची. मग एका नव्या मुलीने त्यांना आणण्याऐवजी त्यांच्या शेजारी उभं राहून ते काय बघतात ते बघितलं. ते कचरागाडीची वाट बघत होते! लाउडस्पीकर लांबून ऐकू आला की त्यांचे खांदे हलायला लागायचे. आता ओला कचरा, सुका कचरा गाडीत टाकायचं काम त्यांचं आहे. गाडीवाला त्यांना नावाने हाक मारतो. एकदा त्यांनी सुक्या कचऱ्यात स्टीलचे दोन पेले टाकले, आणि गाडीला उशीर झाला की ते अजूनही सगळ्यांना वैताग आणतात. पण ‘पळून जातो’ ही नोंद आता होत नाही. त्यांना कुणी तोंडाने काहीच विचारलं नव्हतं.

बोलता न येणारा माणूस तोंड फिरवतो, ताट सरकवतो, एखाद्याच दीदीचा हात धरतो. तुमच्या मुलाच्या अशा खुणा त्याच्या आईला पाठ असणार. केंद्राच्या फाइलीत त्यातल्या किती आहेत, ते एकदा बघा. बहुतेक ठिकाणी निदान, दिव्यांगत्वाची टक्केवारी, औषधं आणि आधार क्रमांक एवढंच सापडतं. ‘आमच्यानंतर याचं काय’ हा प्रश्न तुम्ही दोनदा लिहिलाय. त्या प्रश्नामुळेच मला ही फाइल महत्त्वाची वाटते. आईला जे ठाऊक आहे ते कागदावर आलं नाही, तर पुढे सांभाळणाऱ्याच्या हाती फक्त निदान उरेल.

जलेबीचं. नाही, मागितली की प्लेटभर द्या, असं मी म्हणत नाही. माणसाला काय हवंहवंसं आहे आणि त्याच्या तब्येतीला काय लागतं, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहायच्या. एकीने दुसरी खोडायची नाही. एरवी काय होतं, की शुगर निघाली म्हणून त्याचा डबा वेगळा, टेबल वेगळं, आणि शनिवारी सगळे पोह्यांवर सेव आणि जिरावणाचा मसाला घालून मजेत खात असताना हा बाजूला. डॉक्टरांशी बोलून कधीतरी छोटा तुकडा चालेल का, हे ठरवता येतं. नसेलच चालत, तर पोहे सगळ्यांबरोबर बसून खाता येतात. काय ठरलं, कुणी ठरवलं, पुन्हा कधी बघायचं, तेही लिहून ठेवायचं. शुगर असलेले आपले किती काका-मामा रात्री इंदूरच्या सराफ्यात जलेबा, म्हणजे ती भलीमोठी जलेबी, हातात घेऊन उभे असतात, त्यांना कुणी वेगळ्या टेबलावर बसवतं का?

कागदाबद्दल जरा स्पष्ट लिहिते. बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. त्या पालकाने समितीला मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. तुमच्यावर मोठी जबाबदारी आहे, हे यातून कळतंच. २०१६ चा कायदा मात्र मर्यादित पालकत्वाबद्दल बोलतो: ठरावीक काळापुरतं, ठरावीक निर्णयापुरतं, पालक आणि ती व्यक्ती दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. तुमचा कागद पहिल्या कायद्याखालचा आहे, तो त्यामुळे रद्द होत नाही. पण बँकेत सही कुणी करायची आणि निळा शर्ट की पिवळा, हे दोन्ही प्रश्न एकाच कागदाने सोडवायचे, हे मला पटत नाही.

दीदी कमी आहेत, पगार तुटपुंजे आहेत, व्हॅनचा खर्च परवडत नाही. इथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि माझ्यापाशी याचा उपाय नाही. राष्ट्रीय न्यासाच्या अशा केंद्रांसाठीच्या योजनेत दिवसाला ठरलेले किमान तास केंद्र चालवायचं असतं. एवढे तास भरायचे म्हणून प्रार्थना, व्यायाम, कागदी पिशव्या, जेवण, टीव्ही, असं सगळ्यांना एकाच रांगेत चालवलं जातं. पण वीस जणांना एकाच वेळी पिशव्या चिकटवायला बसवण्यातही माणूसबळ लागतं, कारण निम्म्यांना ते नको असतं आणि त्यांना खुर्चीत टिकवणं हेच मोठं काम होऊन बसतं. ती फाटकापाशी खर्च होणारी दीदी आता दुसऱ्या दोघांना घेऊन भाजी आणायला जाते.

केंद्र बघायला यायचं तुम्ही विचारलंय. जरूर या, मुलाला घेऊनच या, पण सकाळी. दुपारी तीननंतर व्हॅन निघायची घाई असते आणि कुणालाच धड बोलता येत नाही.