‘एकच क्लब दोनदा विकला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी सगळ्यात आधी तुमच्या गोल्फच्या काठ्यांच्या, म्हणजे क्लबच्या, फिटिंगची (खेळणाऱ्याला बसतील असे क्लब निवडण्याची) नोंद काढून पुन्हा बघितली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या सेटमधली पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) ४७ अंश लॉफ्टची, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या तेवढ्या कलाची, होती. आम्ही नव्या आयर्नसोबत (नंबर घातलेल्या क्लबसोबत) ४८ अंशांची वेज ‘गॅप वेज’, म्हणजे दोन वेजमधली जागा भरणारी, म्हणून गळ्यात मारली, म्हणजे एकच क्लब दोनदा विकला. ५८ अंशांची नवी वेज बंकरमध्ये (मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यात) रुतते आणि चेंडू वाळूतच राहतो. नव्या वेज आयर्नपेक्षा जड लागतात. आणि हे विचारायला फोन केलात तर ‘सवय होईल’ एवढंच उत्तर मिळालं.

फोनवरच्या उत्तराबद्दल मनापासून माफी मागतो. बंकरमधून चेंडू निघत नाही म्हणणाऱ्या माणसाला असं सांगून वाटेला लावायचं नसतं. फोन घेणाऱ्याशी मी बोललो आहे. यापुढे अशी तक्रार आली तर ती थेट माझ्यापर्यंत येईल.

५८च्या वेजबद्दल तुम्ही बरोबर आहात, चूक आमची आहे. ४८बद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

तुमच्या जुन्या सेटमधला ७ नंबरचा आयर्न ३४ अंशांचा होता, नव्यातला २९ अंशांचा आहे. हल्लीच्या आयर्नमध्ये वजन खाली नेलेलं असतं आणि फेस (चेंडूला लागणारी बाजू) पातळ असतो, त्यामुळे चेंडू सहज वर चढतो. तो फार उंच जाऊ नये म्हणून लॉफ्ट कमी केला जातो. ७ नंबरने चेंडू लांब गेला की घेणारा खूश होतो, हेही त्यामागचं एक कारण आहे आणि ते मी लपवणार नाही. पण त्याचा परिणाम सेटच्या खालच्या टोकाला दिसतो. तुमची नवी पिचिंग वेज ४३ अंशांची आहे. जुन्या सेटमध्ये ४३ अंशांवर ९ नंबरचा आयर्न होता. म्हणजे ‘पी’ हे अक्षर तेच राहिलं आणि क्लब एक पायरी वर सरकला.

सँड वेज मात्र सरकली नाही. तिला वाळूतून चेंडू उचलायचा असतो, म्हणून ती अजूनही ५४ ते ५६ अंशांच्या आसपासच असते. तुमच्याकडे जुन्या ५२ आणि ५६ अशा दोन वेज होत्या. पूर्वी ४७, ५२, ५६ अशी छान रांग लागत होती. नवे आयर्न घेतल्यावर ती ४३, ५२, ५६ झाली आणि मध्ये ९ अंशांचं भगदाड पडलं. साधारणपणे दोन वेजमध्ये ४ ते ६ अंशांचं अंतर असावं, असं आम्ही धरतो. फिटिंगच्या दिवशी तुमच्या नव्या पिचिंग वेजने चेंडू १२६ यार्ड गेला आणि जुन्या ५२ने ९९ यार्ड. २७ यार्डांच्या पट्ट्यात एकही क्लब नाही! ११० यार्डांवर उभं राहिलात तर पिचिंग वेज आखडून मारा, नाहीतर ५२वर जोर काढा. वेजवर जोर काढला की उंची आणि स्पिन वाढतो, अंतर फारसं वाढत नाही. म्हणून ४८. हो, लॉफ्टने ती तुमची जुनी पिचिंग वेजच आहे, हे तुम्ही अचूक ओळखलंत. नव्या सेटमध्ये त्या क्लबची जागा रिकामी झाली होती, ती भरावीच लागणार होती. हे आम्ही विकतानाच या शब्दांत सांगायला हवं होतं. तेव्हा आकड्यांचा कागद हातात दिला आणि समजलं असेल असं धरून चाललो.

ती वेज आम्ही मुद्दाम आयर्नच्याच सेटमधली दिली, डोकंही तसंच आणि शाफ्टही (दांडाही) तोच. ४८ने तुम्ही बहुतेक वेळा पूर्ण स्विंगच घेणार, त्यामुळे तिचं वागणं आयर्नसारखंच हवं. जुन्या ५२च्या जागी दिलेली नवी ५३ आणि ५८ यांचे शाफ्ट मात्र जड आहेत. आयर्नचे ९५ ग्रॅमचे, या दोन्हींचे १२५ ग्रॅमचे. अर्धा-पाऊण स्विंग घेताना जड शाफ्ट हाताला घाई करू देत नाही, असा माझा अनुभव आहे. पण तुमच्या हाताला ते पटत नसेल तर माझा अनुभव काय कामाचा? हलके शाफ्ट बसवून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही.

आता ५८कडे येतो.

वेजचा बाउन्स म्हणजे तिच्या सोलचा (डोक्याच्या तळाचा) उतार. शाफ्ट सरळ उभा धरला तर सोलची मागची बाजू लीडिंग एजपेक्षा (पुढच्या कडेपेक्षा) खाली असते, त्या कोनाला बाउन्स म्हणतात. बाउन्स भरपूर असेल तर सोल वाळूवर आपटून पुढे सरकतो. कमी असेल तर लीडिंग एज कुदळीसारखी आत घुसते. अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेन यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या निब्लिकच्या (जास्त लॉफ्टच्या जुन्या प्रकारच्या क्लबच्या) सोलला मागून शिसं डाखून हेच केलं होतं आणि तसाच क्लब घेऊन १९३२ची ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. सँड वेजची सगळी करामत तेव्हापासून या मागच्या उंचवट्यात आहे.

आम्ही तुम्हाला दिलेल्या ५८चा बाउन्स ६ अंशांचा आहे. तुमच्या जुन्या ५६चा १४. तुम्ही चेंडूवर वरून, चांगलं उतरतं खाली येता. हे लॉन्च मॉनिटरवरही (फटका मोजणाऱ्या यंत्रावरही) दिसत होतं. अशा माणसाला मऊ वाळूत ६ अंशांचा बाउन्स द्यायचा नसतो. मग आम्ही तो का दिला? कारण सरावाच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर तो सुरेख चालला. मॅट फसवते. चेंडूच्या दोन इंच मागे क्लब लागला तरी तो मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि आकडे चांगले येतात. गवतावर तोच फटका फॅट होतो (क्लब आधी जमिनीत घुसतो), वाळूत तर क्लब तिथेच अडकतो. तुम्ही कोणत्या वाळूत खेळता, ती मऊ आहे की घट्ट, खाली किती खोल आहे, यातलं एकही आम्ही विचारलं नाही. नोंदीत तो रकाना कोरा आहे.

मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. तुमची जुनी ५६ त्या दिवशी माझ्या हातात होती. तिच्या सोलवर घासून चकचकीत झालेला एक पट्टा होता, आणि तो मध्यावर नव्हता, अगदी लीडिंग एजला चिकटून होता. असा पट्टा क्लब किती उतरता येतो ते सांगतो. मी तो पाहिला आणि तरी पुढच्या क्लबकडे वळलो.

म्हणून माझं म्हणणं असं. ५८ परत घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो. तिच्या जागी नवीन काही घेऊ नका, जुनी ५६च बॅगेत ठेवा. तिचे ग्रूव्ह (फेसवरच्या खाचा) झिजलेत हे खरं, पण बंकरच्या फटक्यात फेस आणि चेंडू यांच्यामध्ये वाळू असते, तिथं ग्रूव्हपेक्षा सोल महत्त्वाचा. जुन्या ५२ची गोष्ट निराळी आहे. तिच्या ग्रूव्हच्या कडेवर नखसुद्धा अडकत नाही. ओल्या गवतातून मारलेला चेंडू अशा फेसवरून घसरतो आणि स्पिन न घेता उडतो, कुठे थांबेल सांगता येत नाही. ती बदलण्याचा सल्ला मी आजही देईन. तुमची नवी ५३ आम्ही मशीनवर एका अंशाने वाकवून ५२ करू. लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही साधारण तेवढाच कमी होतो, तिचा १०चा ९ होईल. चिप आणि पिचसाठी (जवळच्या छोट्या फटक्यांसाठी) तो पुरेसा आहे. मग रांग लागेल ४३, ४८, ५२, ५६.

५८ परत गेली की क्लबची संख्याही एकाने कमी होते. नियमाने बॅगेत १४च क्लब चालतात आणि ५८साठी तुम्ही ५ वुड (लांबच्या फटक्यांचा क्लब) बाहेर काढली होती, असं नोंदीत दिसतं. ती परत ठेवता येईल.

पुढे कधी ५६ खरोखरच बदलायची वेळ आली तर १२ ते १४ बाउन्सचीच आणि रुंद सोलची घ्या. कुठूनही घ्या. फक्त मॅटवर मारून ठरवू नका, वाळूत मारून बघा.

आम्हीही आता फिटिंगच्या नोंदीत वाळू आणि गवताचा रकाना भरल्याशिवाय वेज दाखवत नाही. हे तुमच्या अभिप्रायामुळे सुरू झालं.

कोणत्याही दिवशी या, त्या वेळी मी स्वतः असेन, फक्त निघताना फोन करा. सरावाच्या बंकरमध्ये जाऊन ५६ आणि ५८ दोन्ही मारून बघू, म्हणजे मी म्हणतो ते तुमच्या हातालाही कळेल. आणि येताना जुनी ५६ घासूनपुसून आणू नका. शेवटच्या फेरीनंतर जशी बॅगेत ठेवली असेल तशीच आणा, सोलवर माती कुठे बसली आहे ते मला नीट बघायचं आहे.