'इमर्जन्सी!' राहिलीच की

जुन्या टीव्ही सिरियलींमधून फायर ब्रिगेडवाल्यांनी लीडरशिप शिकावी हे एका लेखातलं म्हणणं पटलं, पण त्यात 'इमर्जन्सी!' ही सिरियल कशी नाही?? १९७२ ला अमेरिकेत एनबीसी चॅनलवर सुरू झालेली, लॉस एंजेलिस काउंटीचं फायर स्टेशन ५१, गेज आणि डिसोटो ही पॅरामेडिकची (जागेवरच उपचार सुरू करणाऱ्यांची) जोडी. मला त्यातला कॅप्टन स्टॅनली जास्त आवडतो, म्हणजे तो काय भाषणं ठोकत नाही, कॉल आला की पत्ता लिहून घेतो, चिठ्ठी पोरांच्या हातात देतो, रेडिओवर शांतपणे 'केएमजी ३६५' (स्टेशनचा रेडिओवरचा कोड) म्हणतो आणि निघाली गाडी, बाकी वेळ किचनमध्ये सगळ्यांबरोबरच जेवतो. आणि गेज-डिसोटो एवढे हुशार तरी सलाईन लावायच्या आधी रॅम्पार्ट हॉस्पिटलच्या डॉक्टरला रेडिओवरून विचारणार, इगो नाही काही. आणखी एक गंमत, बंब चालवणारा माइक स्टोकर हा खरोखरच त्याच काउंटीचा फायरमन होता, सिरियलमध्येही स्वतःच्याच नावाने! डिस्पॅचरचा, म्हणजे कॉल आला की स्टेशनला कळवणाऱ्याचा, आवाजही खऱ्या डिस्पॅचरचा, सॅम लॅनियरचा. म्हणून ती नकली वाटत नाही. त्यातल्या चेट केली या फायरमनच्या खोड्या मात्र कधीकधी जरा अतीच व्हायच्या हां 😄