बाकीचं नेहमीप्रमाणे

सोमवारी ऑफिसकडून नवा लॅपटॉप मिळाला. घरी आणल्यावर आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. पुढे साखरही ठेवणार होती, पण झाकण उघडंच होतं म्हणून मी तिचा हात धरला. "लाग आता कामाला," ती म्हणाली. मला म्हणाली की त्याला, ते कळलं नाही. शुक्रवारपर्यंत दोघेही लागलो नाही.

जुन्याचा पंखा इतका घरघरायचा की मीटिंगमध्ये लोक विचारत, दळण आणायला गेला आहेस का. पण त्यावर सगळं चालायचं. का चालायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि चालत्या गोष्टीला का म्हणून विचारू नये. नवा हातात देताना आयटीवाल्यांनी तो लगेच काढून घेतला.

नव्या मशिनवर काय काय करायचं ते आमच्या प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये लिहिलेलं आहे. पहिली ओळ, जावा टाका. ही प्रोग्रॅमिंगची भाषा. कुठली आवृत्ती, ते नाही. मी आपली २१ टाकली. प्रोजेक्ट अडून बसलेला जावा ८ वर, म्हणजे २०१४ सालच्या. मग तीही टाकली, तर पाथमध्ये आधी कोण यावरून मानपान सुरू झालं. पाथ म्हणजे लॅपटॉपने कुठल्या फोल्डरात कुठल्या क्रमाने शोधायचं त्याची यादी. जो आधी सापडेल त्याचा मान. वरमाईच्या आधी मावशीला साडी दिली की मांडवात जे होतं, ते माझ्या स्क्रीनवर झालं.

मंगळवारी कळलं की माझ्या नावातच खोट आहे. आयटीतल्या मुलाने खातं उघडताना नाव आणि आडनाव छान सुटं लिहिलं होतं, आणि विंडोजने मधल्या मोकळ्या जागेसकट त्याच नावाचा फोल्डर केला. आमची एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल, त्या जागेपाशी येऊन थांबे, आडनावाला वेगळीच फाइल समजे आणि ती सापडत नाही म्हणून गळा काढे. पुण्यात गाडी लावायला कुठे मोकळी जागा मिळत नाही. मला मिळाली ती ही. खात्याचं नाव बदलून पाहिलं, पण फोल्डर जुनंच नाव धरून बसला. शेवटी खातंच नवं उघडलं. म्हणजे जावापासून पुन्हा.

एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या कोडची तयार पॅकेजं उतरवून घेणारी आज्ञा, लावून आंघोळ केली, पोहे खाल्ले, तरी ते चालूच. आमच्या पानावरच्या एका तारखेच्या चौकटीसाठी पॅकेजांची वरात उतरत होती. २०१६ साली लेफ्ट-पॅड नावाचं असंच एक अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने रागावून काढून घेतलं आणि जगभर प्रोजेक्ट अडले होते. हे आठवायची ती वेळ नव्हती.

बुधवारची रात्र मात्र खास. विंडोजच्या पोटात लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली, स्क्रिप्ट चालवली, तर म्हणे अशी फाइलच नाही. फाइल तर समोर दिसतेय! दोन तासांनी लक्ष गेलं, एररमध्ये स्क्रिप्ट चालवणाऱ्या 'बॅश'च्या नावाच्या शेपटीला टोपी घातलेला एक एम (^M) लटकत होता. बाबा चहा घेऊन मागे उभे होते. मी चिडून म्हटलं, "ओळ संपली की विंडोज दोन अक्षरं टाकतं, लिनक्स एकच. त्या जादा अक्षराने घोळ केलाय. कॅरेज रिटर्न म्हणतात त्याला."

बाबा जिल्हा परिषदेत टायपिस्ट होते. त्यांनी कप खाली ठेवला. "मग विंडोजचं बरोबर आहे. कॅरेज मागे न्यायचं आणि कागद वर सरकवायचा. दोन कामं आहेत ती." डाव्या हाताने हवेत खटका ढकलून दाखवला.

"खर्रर्र, टिंग," मी म्हटलं.

"टिंग आधी. ओळ संपत आली हे सांगायला. मग खर्रर्र." कप उचलून जाता जाता म्हणाले, "तीस वर्षं दोन्ही कामं केली मी. तुझं लिनक्स आळशी आहे."

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, तिची एक सेटिंग बदलून फाइली पुन्हा घेतल्या, आणि ते मिटलं.

गुरुवारी रीडमीची शेवटची ओळ आली: 'बाकीचं नेहमीप्रमाणे.' मी लिहिणाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार केला आणि तो कोण ते बघायला गिटमध्ये ब्लेम मारलं. कुठली ओळ कोणी, कधी लिहिली ते त्यात दिसतं. चार वर्षांपूर्वी, रात्री पावणेबारा, मीच.

बाकीचं म्हणजे पासवर्डांची एक फाइल होती. ती चुकूनही गिटमध्ये जाऊ नये याची तजवीजही मीच केलेली, त्यामुळे ती फक्त जुन्या लॅपटॉपवर. आयटीला फोन केला. "सर, तो सोमवारीच फॉरमॅट झाला." शेवटी टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीकडे हात पसरले. तिने दिली, वर म्हणाली, "तुम्हीच दिली होतीत मला. जपून ठेव म्हणाला होतात."

शुक्रवारी संध्याकाळी सगळं चाललं. मी तेवढ्याच तिरीमिरीत रीडमी उघडली, 'बाकीचं नेहमीप्रमाणे' खोडलं आणि एकेक गोष्ट आकड्यानिशी लिहायला बसलो. पलीकडे आई कैऱ्यांच्या फोडी पुसत होती.

"काय लिहितोयस एवढं?"

"कोणाला पुन्हा त्रास नको म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय."

"मग लोणच्याचंही लिहून घे. दरवर्षी फोन करून विचारते तुझी बहीण. फोडी दोन किलो. मोहरीची डाळ पाव किलो."

मी लिहिलं. "आणि मीठ?"

"मीठ नेहमीप्रमाणे."