टरफलं, गुणोत्तर आणि ‘मॅडम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

अंड्याच्या टरफलांपासून हायड्रॉक्सिॲपटाइट, म्हणजे हाडाच्या जागी भरायला वापरतात ते कॅल्शियम फॉस्फेट, कसं करतात आणि त्यात काय काय बिघडतं, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक संशोधक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर तिथल्या चौकटीत मावणार नाही, म्हणून ते इथे देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी प्रतिक्रिया जशीच्या तशी:

“मॅडम, जरा लॅबमध्ये उतरून बघा. आमच्या पावडरचा एक्सआरडी जेसीपीडीएस कार्डाशी तंतोतंत जुळतो. पीक जुळले की हायड्रॉक्सिॲपटाइट झालं, मग एवढा बाऊ कशाला? एसबीएफमध्ये सात दिवसांत थर आला. ठोकळे हातात दगडासारखे लागतात. परदेशी ग्राफ्ट विकणाऱ्यांची तळी उचलून गरीब पेशंटना घाबरवू नका. आणि बीटा-टीसीपीची घनता ३.७० लिहिणाऱ्यांनी दुसऱ्यांना अचूकता शिकवू नये.”

नवख्यांसाठी: एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी पावडरची स्फटिकरचना ओळखण्याची चाचणी, तिच्या आलेखातले उंचवटे म्हणजे पीक आणि ते ज्याच्याशी ताडून बघतात ते संदर्भपत्रक म्हणजे जेसीपीडीएस कार्ड. एसबीएफ म्हणजे रक्तद्रवासारखं कृत्रिम द्रावण, त्यात ठेवलेल्या नमुन्यावर ॲपटाइटचा थर येतो का ते बघतात. ग्राफ्ट म्हणजे हाडाच्या जागी भरायचा पदार्थ आणि बीटा-टीसीपी हे दुसरं एक कॅल्शियम फॉस्फेट.

शेवटचं आधी. घनता ३.०७ आहे, ३.७० नाही. अंक उलटसुलट झाले, चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. आभार.

आता ‘लॅबमध्ये उतरून बघा’. हे वाक्य रसायनशास्त्राबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. त्यापुढचा ‘मॅडम’ही आदरार्थी नाही, हे मराठी वाचणाऱ्या कुणालाही कळतं. सतरा वर्षं मफल फर्नेसची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भट्टीची, दारं उघडते आहे, एवढं सांगून हा विषय मी संपवते. शेंगांची असोत की अंड्यांची, टरफलं उचलायला माझी कधी ना नव्हती. माझा मूळ लेख टरफलांच्या विरोधात नव्हताच. तो शेवटपर्यंत वाचला असता, तर त्यातली पहिली अर्धी पानं त्या कृतीचं कौतुक करण्यात गेली आहेत हे दिसलं असतं. टरफलं भाजून केलेला चुना आणि फॉस्फोरिक आम्ल एकत्र आले की हायड्रॉक्सिॲपटाइट मिळतं आणि सोबत फक्त पाणी. कॅल्शियम नायट्रेटपासून सुरू होणाऱ्या कृतीत अमोनियम नायट्रेट धुऊन काढताना जीव जातो, ती कटकट इथे नाही. कच्चा माल हॉटेलच्या मागच्या दारी फुकट मिळतो. हे सगळं मी लिहिलं होतं.

पण ‘पीक जुळले की झालं’ या एका वाक्यावर मला थांबावं लागेल, कारण गडबडीचं मूळ नेमकं तिथेच आहे.

हायड्रॉक्सिॲपटाइटमध्ये दहा कॅल्शियमला सहा फॉस्फरस, म्हणजे गुणोत्तर १.६६७. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये, म्हणजे टीसीपीमध्ये, ते १.५. पाण्यात अवक्षेप तयार होतो तेव्हा ॲपटाइटची स्फटिकरचना मोठी सोशिक असते. कॅल्शियम कमी पडला तरी जागा रिकाम्या ठेवून ती उभी राहते. १.६६७ ची पावडर असो की १.५५ ची, दोन्हींची रचना ॲपटाइटचीच, म्हणून पीकही त्याच जागी. त्यात ताज्या अवक्षेपाचे कण इतके बारीक असतात की ३१.८, ३२.२ आणि ३२.९ अंशांवरचे (हे आलेखातल्या कोनाचे अंश, तापमानाचे नव्हेत) तीन पीक मिसळून एकच बोडकी टेकडी दिसते. त्या टेकडीवर कार्ड ०९-०४३२ च्या रेघा ठेवल्या की त्या बसणारच. न बसल्या तर नवल! तुमचा आलेख खोटा आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही त्याला जो प्रश्न विचारताय, त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

उत्तर मिळतं ते पावडर भाजल्यावर. साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे कॅल्शियम कमी असलेलं ॲपटाइट फुटतं आणि त्यातून हायड्रॉक्सिॲपटाइट व बीटा-टीसीपी असे दोन घटक वेगळे होतात. म्हणून १००० अंशांवर रात्रभर ठेवा, मग एक्सआरडी काढा. १००० च का, तर कण वाढून पीक टोकदार व्हायला एवढं तापमान पुरतं आणि ११२५ च्या आसपास बीटा-टीसीपीचं अल्फा, म्हणजे त्याच पदार्थाचं दुसरं स्फटिकरूप, होतं, त्याच्या आपण बरंच खाली राहतो. आता ३१.० आणि २७.८ अंशांवर बघा. तिथे काही उगवलं असेल तर ते बीटा-टीसीपी. ३७.४ अंशांवर उगवलं असेल तर मोकळा कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे तुमचा कॅल्शियम जास्त झाला होता.

किती फरकाने किती बिघडतं, याचा हिशोब करून दाखवते, कारण ‘थोडंफार इकडेतिकडे चालतं’ हा सूर मी नेहमी ऐकते. गुणोत्तर १.६६ आलं तर भाजल्यावर वजनाने सुमारे ४ टक्के टीसीपी. १.६४ आलं तर १५ टक्के. दुसऱ्या दशांशस्थळी दोनाचा फरक, आणि इम्प्लांटसाठीच्या हायड्रॉक्सिॲपटाइटला एएसटीएम एफ ११८५ या अमेरिकी मानकाची जी ९५ टक्के शुद्धतेची अट, तिच्यातून तुम्ही बाहेर.

आणि टरफलांच्या कृतीत हा फरक पडतोच पडतो. का ते बघा. टरफलं उकळून आतली पापुद्र्यासारखी त्वचा काढली, वाळवली, ९०० अंशांवर दोन तास ठेवली. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचे ५६ ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड उरतात. इथवर ठीक. मग तो चुना बरणीत भरून फडताळात जातो. दोन आठवड्यांनी कुणीतरी १०० ग्रॅम हायड्रॉक्सिॲपटाइटसाठी ५६ ग्रॅम मोजून घेतो आणि ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल ६९.२ ग्रॅम. गणित वहीत बरोबर. पण बरणीतला चुना आता निव्वळ ऑक्साइड राहिलेला नाही, हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन बसला आहे. त्याचं वजन नुसतं १० टक्के वाढलं असेल, तर गुणोत्तर १.६६७ वरून १.५१५ वर येतं. भाजल्यावर त्यातून ९० टक्के बीटा-टीसीपी निघतं. म्हणजे बाटलीवर चिठ्ठी हायड्रॉक्सिॲपटाइटची आणि आत निराळाच पदार्थ. भाजण्याआधीचा एक्सआरडी मात्र ‘तंतोतंत’!

आम्लाची बाटलीही साधी नाही. उघडीझाकी राहिली तर तीही पाणी ओढते, फॉस्फरस कमी पडतो, गुणोत्तर वर जातं. कधीकधी या दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात आणि एखादी बॅच फक्कड उतरते. मग तीच बॅच पोस्टरवर जाते आणि पुढच्या चार का बिघडल्या ते कुणाला कळत नाही.

उपाय महाग नाही. अवक्षेप करण्याच्या दिवशीच चुन्याचा १ ग्रॅमचा नमुना १००० अंशांवर तासभर ठेवा, डेसिकेटरमध्ये (हवेतली ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, वजन करा. ०.९१ ग्रॅम उरला तर वर सांगितलेला १० टक्क्यांचा घोळ तुमच्या बरणीत आहे, त्या हिशोबाने चुना जास्त घ्या. आम्ल प्रमाणित सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा, बाटलीवरच्या ८५ वर विसंबू नका. आम्ल घालताना थेंबथेंब, जोरात ढवळत. चुना पाण्यात लिटरला दीडदोन ग्रॅमपेक्षा जास्त विरघळत नाही, म्हणजे भांड्यात द्रावण नसून गाळ असतो. आम्ल धारेने ओतलं की चुन्याच्या कणांवर फॉस्फेटचं कवच बसतं, आत चुना तसाच राहतो आणि जिथे धार पडते तिथे पीएच घसरून भलतेच फॉस्फेट तयार होतात. शेवटी पीएच ९ च्या खाली जाऊ देऊ नका. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी पीएच पुन्हा बघा. रात्रीतून तो चांगलाच हललेला असेल, तर आदल्या संध्याकाळी क्रिया संपलेली नव्हती.

एक चाचणी तर फुकटातच होते. भाजलेली गोळी फोडा, ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब टाका. गुलाबी झाली तर मोकळा चुना आहे. एक्सआरडीला एखाददोन टक्क्यांखालचं दिसत नाही, हा थेंब तिथेही चहाडी करतो.

यावरूनच तुमच्या ‘दगडासारख्या’ ठोकळ्यांकडे येते. ते कधी भाजले आणि कधी दाबून पाहिले? चुन्याचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड होताना त्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. ठोकळ्याच्या आत दोन टक्के जरी मोकळा ऑक्साइड असला तरी तो हवेतलं पाणी घेत आतून रेटा देत राहतो. मे महिन्यात टणक असलेली गोळी जुलैत कडेने झडते, पांढरी धूळ धरते, हे ज्याने बघितलंय त्याला ‘हातात कशी लागते’ हा निकष सुचणार नाही. उलट बाजूला कॅल्शियम कमी असेल आणि तुम्ही १२०० वर भाजलं, तर बीटाचं अल्फा होताना घनता ३.०७ (बरोबर लिहिलंय ना आता?) वरून २.८६ वर येते. पदार्थ फुगतो आणि बारीक भेगा पडतात. दाट हायड्रॉक्सिॲपटाइटसुद्धा दाबाला शेकडो मेगापास्कल सोसतं, पण भेगेला त्याचा विरोध एक मेगापास्कल-वर्गमूळ-मीटरच्या आसपास, हाडापेक्षा बराच कमी. अशा पदार्थात आधीच भेगा पेरून ठेवायच्या आणि वर म्हणायचं, बाऊ कशाला!

इथे कुणी म्हणेल, टीसीपी असलं तर काय बिघडलं, ते तर शरीरात चांगलं विरघळतं. खरं आहे. हायड्रॉक्सिॲपटाइट आणि बीटा-टीसीपीचं मिश्रण मुद्दाम करतात, ६० ला ४० हे प्रमाण शस्त्रक्रियांत रुळलेलं आहे. हायड्रॉक्सिॲपटाइट वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतं, टीसीपी त्याहून बरंच लवकर विरघळतं. किती दिवस आधार द्यायचा आणि किती लवकर नव्या हाडाला जागा करून द्यायची, त्यावर प्रमाण ठरवतात. फरक ‘ठरवतात’ या शब्दात आहे. तुमच्या बॅचमध्ये ते बरणीचं झाकण ठरवतंय. आणि मोकळ्या चुन्याचं तर काहीच समर्थन नाही. तो भोवतालचा पीएच चढवतो आणि पेशी मारतो.

एसबीएफबद्दल दोनच वाक्यं. ते द्रावण ३६.५ अंश आणि पीएच ७.४० ला मुळातच ॲपटाइटच्या बाबतीत अतिसंपृक्त, म्हणजे ॲपटाइट खाली टाकायला टपलेलं असतं. नमुन्यातून चुना सुटून पीएच वाढला तर थर आणखी लवकर बसतो, म्हणजे सदोष ठोकळा सात दिवसांच्या परीक्षेत पहिला येऊ शकतो.

परदेशी कंपन्यांची तळी उचलण्याच्या आरोपाला मी उत्तर देणार नाही. तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था आणि कोलकात्याची सीजीसीआरआय (केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था) यांनी या देशात बायोसिरॅमिकवर केलेलं काम ज्यांना ठाऊक आहे, ते असं बोलत नाहीत. गरीब पेशंटचं नाव घेताना मात्र जरा जपून. शिसं ३० पीपीएम (दहा लाखांत ३० भाग), आर्सेनिक ३, कॅडमियम आणि पारा प्रत्येकी ५, सगळे जड धातू मिळून ५०, ही एफ ११८५ ची मर्यादा पेशंट गरीब आहे म्हणून वाढत नाही. कोंबड्यांच्या खाद्यावर टरफलातलं काय काय अवलंबून असतं, त्यामुळे हे प्रत्येक लॉटला तपासावं लागतं. टरफलात मॅग्नेशियमही असतो आणि तो बीटा-टीसीपीच्या बाजूने झुकतं माप टाकतो, हे मूळ लेखात आहे. तिकडे वाचा, इथे पुन्हा लिहीत नाही.

तुमच्या पुढच्या प्रतिक्रियेची वाट बघते. त्यात चुना आणि आम्लाची प्रत्यक्ष वजनं लिहा, चुना भाजल्यानंतर किती दिवसांनी वापरला ते लिहा आणि १००० अंशांनंतरचा एक्सआरडी जोडा. आलेख लावताना २७ ते ३८ अंशांचा भाग कापू नका.